कोळशाचा बॉयलर: पूर्ण ज्वलन आणि कमी उत्सर्जन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ, फेकरी, वरणगाव, जळगाव, धुळे या पट्ट्यातून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत पॅनेलवर बसणारे आहेत, नवे ट्रेनी आहेत, डिप्लोमाची मुले आहेत आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या रोज बघणारे शेतकरीही आहेत. उत्तरांतली उदाहरणे ५०० मेगावॅटच्या संचाची आहेत. कोळसा साधारण ३६०० किलोकॅलरीचा (म्हणजे जी-१३ प्रतीचा) आणि ४० टक्के राखेचा धरला आहे. तुमचा कोळसा वेगळा असेल तर आकडेही बदलतील.

१. बॉयलरची कार्यक्षमता ८६ टक्के असते म्हणतात. मग उरलेले १४ टक्के जातात कुठे?

बरीचशी उष्णता चिमणीतून जाते. कोरड्या वायूबरोबर साडेचार ते पाच टक्के जातात. कोळशातला ओलावा आणि त्यातल्या हायड्रोजनपासून झालेले पाणी वाफ होऊन जाते, तिच्याबरोबर पाच-सहा टक्के जातात. न जळलेला कार्बन राखेतून एक ते दीड टक्का नेतो. बाकी भिंतीतून जाणारी उष्णता, गरम राख वगैरे. हायड्रोजनचा तोटा कोळशाबरोबरच येतो, त्याला इलाज नाही. हातात असते ते कोरड्या वायूचे आणि राखेतल्या कार्बनचे. पुढची बहुतेक उत्तरे या दोघांभोवतीच फिरतात.

२. एक टक्का सुधारणा झाली तर असा किती कोळसा वाचणार?

हीट रेट (एक युनिट विजेसाठी लागणारी कोळशाची उष्णता) २४०० किलोकॅलरी धरला, तर पूर्ण लोडवर ५०० मेगावॅटचा संच तासाला सुमारे ३३३ टन कोळसा खातो. कार्यक्षमता ८६ वरून ८७ झाली की त्यातले जवळपास ३.८ टन वाचतात, म्हणजे दिवसाला ९० टनांच्या वर. सहा आठवड्यांत मालगाडीचा एक अख्खा रेक वाचला असे समजा. वाचलेल्या प्रत्येक टनामागे सव्वा ते दीड टन कार्बन डायऑक्साइडही टळतो, आणि ४०० किलो राख वाहून नेणे वाचते.

३. चिमणीतून पांढरा धूर दिसतो, तो प्रदूषणाचा का?

आधी बघा की तो चिमणीचाच आहे का. रुंद, कमरेत बारीक असलेल्या कूलिंग टॉवरमधून निघते ती पाण्याची वाफ. ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांची चिमणी २७५ मीटरची, सरळ आणि सडपातळ असते. तिच्या तोंडाशी राखाडी पट्टा दिसला तर धूळ पकडणारी यंत्रणा कमी पडते आहे (प्रश्न १३). काळा धूर बहुधा संच पेटवताना तेल नीट न जळल्यामुळे येतो. डोळ्याला काहीच दिसत नाही म्हणून सगळे ठीक, असेही समजू नका. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड या दोघांनाही रंग नसतो.

४. जादा हवा नेमकी किती द्यायची? आमच्याकडे कोणी ऑक्सिजन ३ ठेवतो, कोणी ५.

जादा हवेची टक्केवारी काढायला ऑक्सिजनला (२१ वजा ऑक्सिजन) ने भागा आणि १०० ने गुणा. ३.५ टक्के ऑक्सिजन म्हणजे २० टक्के जादा हवा, ६ टक्के म्हणजे ४०. ऑक्सिजन एकाने वाढला की कोरड्या वायूचा तोटा सुमारे ०.३ टक्क्यांनी वाढतो. वर एफडी (हवा आत ढकलणारा) आणि आयडी (वायू बाहेर ओढणारा) फॅनची वीज वेगळी, आणि नायट्रोजन ऑक्साइडही वाढतात.

योग्य आकडा मॅन्युअलमध्ये मिळत नाही, तो आपल्याच भट्टीवर शोधावा लागतो. लोड आणि चालू मिल (कोळशाची भुकटी करणाऱ्या चक्क्या) स्थिर ठेवा. ऑक्सिजन ०.३ च्या पायरीने खाली आणा आणि प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबून कार्बन मोनॉक्साइड बघा. बराच वेळ तो हलणार नाही, मग एका पायरीवर एकदम उडी मारेल. त्या जागेपासून अर्धा टक्का वर या, तुमचा आकडा तोच. दळण चांगले आणि भट्टीचे चार कोपरे, म्हणजे तिथले बर्नर, समतोल असतील तर हा आकडा तीनच्या आसपास येतो. पाचवर येत असेल तर जादा हवा देऊन दुसराच कुठला तरी दोष झाकला जातो आहे. तो शोधायला प्रश्न ५ ते ८ वाचा, आणि ते सगळे तपासून होईपर्यंत डॅम्परला (हवेच्या झडपेला) हात लावू नका.

५. पॅनेलवर ऑक्सिजन ३.५ दिसतो, हातातल्या ॲनालायझरवर ३.९. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. डक्टमध्ये बसवलेला झिर्कोनिया प्रोब ओल्या वायूत मोजतो. हातातला ॲनालायझर वायू थंड करून पाणी काढतो आणि मग मोजतो. वायूत नऊ टक्के वाफ असेल तर ३.५ ला ०.९१ ने भागा, ३.८५ येते. एवढा फरक असायलाच हवा. पावसाळ्यात तो आणखी वाढतो.

खरी अडचण वेगळीच असते. इकॉनॉमायझरनंतरचा (वायूच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागानंतरचा) डक्ट इतका रुंद की डावीकडे २ आणि उजवीकडे ५ असू शकतो, आणि प्रोब बसलेला असतो कुठल्या तरी एका कोपऱ्यात. म्हणून वर्षातून दोनदा, आणि ओव्हरहॉलनंतर न चुकता, डक्टभर जाळी आखून अनेक बिंदूंवर मोजणी करा. त्या सरासरीशी प्रोब जुळवा. चाचणी वायूने कॅलिब्रेशन केल्याने प्रोब बरोबर आहे एवढेच कळते. प्रोबची जागा बरोबर आहे की नाही, हे कळायला जाळीच लागते.

आणि एक फसगत. इकॉनॉमायझरला ३.५ दिसतो तेव्हा भट्टीत खरोखर किती असतो? तळाचा सील ट्रफ, पीप होल, मॅनहोल, फाटलेले एक्स्पान्शन जॉइंट इथून बाहेरची हवा आत खेचली जाते. ती ज्वाळेला भेटतच नाही, फक्त आकडा फुगवते. बर्नरपाशी कोळसा हवेविना गुदमरत असतो आणि पॅनेलवर सारे आलबेल दिसते. भट्टीचा दाब उणे ५ ते १० मिलिमीटर पाण्याच्या पलीकडे खाली नेला की ही चोरटी हवा वाढते.

६. एअर प्रीहीटरनंतर (ज्वलनाची हवा वायूच्या उष्णतेने तापवणाऱ्या यंत्रानंतर) वायूचे तापमान १३५ अंशच आहे. म्हणजे चांगलेच ना?

गळती किती, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. सीलमधून निसटलेली थंड हवा गरम वायूत मिसळते आणि थर्मामीटर खाली येतो. चहात गार पाणी ओतले म्हणून शेगडी चांगली ठरत नाही.

गळती काढण्याचा हिशेब सोपा आहे. प्रीहीटरच्या आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन घ्या, दोन्ही कोरड्या वायूतले. त्यांच्यातल्या फरकाला (२१ वजा नंतरचा ऑक्सिजन) ने भागा आणि ९० ने गुणा. आधी ३.५, नंतर ६ असेल तर २.५ भागिले १५, गुणिले ९०, म्हणजे १५ टक्के गळती. आत येणारी हवा ३८ अंशांची असेल, तर गळती वजा केल्यावर वायूचे तापमान १३५ नव्हे, १४९ च्या आसपास येते. तुलना याच आकड्याची करायची. वायूचे तापमान २०-२२ अंशांनी वाढले की कार्यक्षमता साधारण एक टक्का घसरते, हा ठोकताळाही याच आकड्याला लागू आहे.

फिरत्या प्रीहीटरमध्ये सगळ्यात जास्त चोरी प्रायमरी हवेच्या (भुकटी बर्नरपर्यंत वाहून नेणाऱ्या हवेच्या) बाजूने होते, कारण दाब तिथेच सर्वांत जास्त. रेडियल, ॲक्शियल आणि परिघावरचे सील ओव्हरहॉलमध्ये मापात बसवले तर गळती एक आकड्यात येते. ती पुन्हा पंधराकडे सरकली की आयडी फॅनची ताकद हवा ओढण्यातच खर्च होते आणि पूर्ण लोडला ज्वलनासाठी हवा उरत नाही.

७. राखेत कार्बन जास्त येतो. ऑक्सिजन वाढवला तरी उतरत नाही. काय बघायचे?

आपल्या कोळशात राखच ४० टक्के, म्हणून हा तोटा आपल्याला जास्त बोचतो. राखेतला कार्बन सरासरीने एक टक्का वाढला की कार्यक्षमता ०.९ टक्क्याने घसरते. दहा टक्के राखेच्या आयात कोळशात हाच एक टक्का कोणाच्या लक्षातही आला नसता.

आधी फ्लाय ॲशचा (वायूबरोबर उडणाऱ्या राखेचा) नमुना चाळणीवर टाका आणि जाड-बारीक भागांतला कार्बन वेगवेगळा मोजा. एवढ्या एका चाचणीने अर्धे निदान होते. कार्बन जाड कणांत अडकला असेल तर दोष दळणात. बारीक कणांतही तेवढाच असेल तर दोष हवेत किंवा तिच्या मिसळण्यात.

दळणात बघायचे ते असे. ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे २०० मेशच्या चाळणीतून किमान ७० टक्के भुकटी गेली पाहिजे, हे सगळ्यांना पाठ असते. ३०० मायक्रॉनच्या, म्हणजे ५० मेशच्या चाळणीवर किती राहते, ते मात्र कोणी विचारत नाही. तिथे दोन टक्क्यांच्या वर नको, एकच्या खाली असेल तर उत्तम. कार्बन नेतात ते हेच जाड कण, ७० टक्क्यांचा आकडा बरोबर आला तरीही. रोलर आणि बुल रिंग झिजली, स्प्रिंगचा ताण उतरला, क्लासिफायरच्या (जाड कण मिलमध्ये परत पाठवणाऱ्या भागाच्या) पात्यांना भोके पडली किंवा ती एकसारख्या कोनात राहिली नाहीत की जाड कण सुटतात. प्रायमरी हवा गरजेपेक्षा जास्त असली तरी हेच होते: ती जाड कणांना उचलून नेते आणि ज्वाळा बर्नरपासून लांब ढकलते. बाऊल मिलमध्ये टन कोळशामागे १.८ ते २ टन हवा हा सुरुवातीचा अंदाज धरा. पाइपातला वेग मात्र सेकंदाला १८ मीटरच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर भुकटी पाइपात बसते आणि पेटते.

नमुना कसा घेता, तेही महत्त्वाचे. पाइपातून आयसोकायनेटिक पद्धतीने (पाइपातल्या प्रवाहाच्याच वेगाने ओढून) न घेतलेला नमुना खोटे बोलतो. आणखी एक: जळून जाणारा सगळा भाग म्हणजे कार्बन नव्हे. कार्बोनेट आणि बांधील पाणीही त्यात येते. फ्लाय ॲश सिमेंटला द्यायची तर आयएस ३८१२ प्रमाणे हा आकडा ५ टक्क्यांच्या आत लागतो, म्हणजे ज्वलन बिघडले की राखेचे गिऱ्हाईकही जाते.

८. एकाच मिलचे चार कोपरे, पण एकाच कोपऱ्यात कार्बन मोनॉक्साइड जास्त. का?

चार पाइपांची लांबी आणि वळणे सारखी नसतात, म्हणून ऑरिफिस (भोकाच्या चकत्या) घालून ती जुळवलेली असतात. ऑरिफिस झिजले की समतोल जातो. आधी कोळसा न सोडता नुसत्या हवेचा वेग मोजा. प्रत्येक पाइप सरासरीच्या २ टक्क्यांच्या आत हवा. मग कोळशासह हवेचा वेग मोजा, तो ५ टक्क्यांच्या आत. शेवटी कोळशाचे वजन, १० टक्क्यांच्या आत. हा क्रम उलटा करून काही हाती लागत नाही. पाइप जुळूनही कोपरा बिघडलेलाच असेल तर त्या कोपऱ्याचा सेकंडरी एअर डॅम्पर आत शिरून बघा. पॅनेलवर ५० टक्के उघडा दिसणाऱ्या डॅम्परचा लिंक पिन कधीच तुटून पडलेला असतो, हे अनेक बॉयलरांत सापडते.

९. हवा कमी केली, कार्यक्षमता वाढायला हवी होती, पण क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) वाढला. असे का?

हवा अपुरी पडते तिथे राखेतले लोह फेरस रूपात राहते आणि राख कमी तापमानालाच वितळू लागते. भिंतीवर ती चिकटत जाते आणि मोठे ढेप सुटून बॉटम ॲश हॉपरमध्ये आदळतात. म्हणून प्रश्न ४ मधला आकडा सरासरीवर ठरवून भागत नाही, सगळ्यात गरीब कोपरा बघून ठरवायचा. बर्नर टिल्टही (बर्नरचा वर-खाली कल) बघा. तो सतत खाली रोखलेला असेल तर तळाशी क्लिंकर, सतत वर असेल तर सुपरहीटरपाशी.

१०. सूट ब्लोइंग (ट्यूबांवरची राख वाफेच्या झोताने उडवणे) दर पाळीला करायचे का?

घड्याळ बघून नको. वॉल ब्लोअर (भट्टीच्या भिंतीचे) ॲटेम्परेशन स्प्रे, म्हणजे वाफ थंड करायला फवारलेले पाणी, आणि मेटल टेम्परेचर बघून चालवा, लाँग रिट्रॅक्टेबल (आत-बाहेर सरकणारे लांब ब्लोअर) वायूच्या तापमानावरून. आधी लाइन पूर्ण ड्रेन करा. ओली वाफ ट्यूब कापते, आणि एक ट्यूब फुटली की वर्षभराची बचत एका बंदीत जाते.

११. मे महिन्यात सगळे पॅरामीटर बिघडतात, पावसाळ्यात वेगळेच बिघडतात. बॉयलर तोच आहे ना?

बॉयलर तोच, हवा आणि कोळसा वेगळा. भुसावळच्या ४६ अंशांच्या दुपारी तेवढ्याच घनमीटर हवेचे वजन २५ अंशांच्या मानाने सहा-सात टक्के कमी भरते. फॅन पूर्ण उघडे, तरी ऑक्सिजन घसरतो. प्रीहीटरचे सील फेब्रुवारीतच बघून घ्या, ते यासाठी. दुसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कोरडा कोळसा सुकवायला गरम हवा कमी लागते, म्हणून मिलमध्ये थंड हवा जास्त सोडली जाते. ती प्रीहीटर टाळून येते, त्यामुळे प्रीहीटरमधून जाणारी हवा घटते आणि चिमणीचे तापमान चढते. मिलच्या तोंडाचे तापमान कोळशाला झेपेल तितके वर, साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत ठेवले तर हे कमी होते. उन्हाळ्यात कोळसा जास्त लागण्याचा बराचसा दोष कंडेन्सरच्या ढासळलेल्या व्हॅक्यूमचाही असतो. सगळे खापर बॉयलरवर फोडू नका.

पावसाळ्यात ओलावा १० वरून १८ टक्क्यांवर गेला तर एवढ्यानेच कार्यक्षमता सुमारे १.४ टक्क्यांनी उतरते, म्हणजे प्रत्येक टक्क्यामागे ०.१८. फिडर आणि बंकर चोक होणे त्यावर. ताडपत्रीपेक्षा ढिगाचा उतार, चर आणि आधी आलेला कोळसा आधी वापरणे, याचाच उपयोग जास्त होतो.

१२. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचे तर यंत्रसामग्री लागते की ज्वलनातच होते?

बरेच काम ज्वलनातच होते. कोळशाच्या भट्टीत यातला मोठा वाटा हवेतल्या नायट्रोजनचा नसतो, कोळशातल्याच नायट्रोजनचा असतो. भुकटी पेटते त्या क्षणी ऑक्सिजन कमी मिळाला तर हा नायट्रोजन निरुपद्रवी होऊन सुटतो. ओव्हरफायर एअर हेच करते: बर्नरपाशी हवा थोडी कमी, उरलेली वरून. हवेतला नायट्रोजन साधारण १५०० अंशांच्या वर जळतो, म्हणून ज्वाळेचा शेंडा फार तापू न देणे हा दुसरा उपाय.

याची किंमत मोजावी लागते. वरची हवा उशिरा मिसळली तर राखेत कार्बन वाढतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि खालच्या भिंतीच्या ट्यूबा हवेविना गंजतात. दळण सुधारण्याआधी ओव्हरफायर उघडू नका, असे आम्ही म्हणतो ते म्हणूनच. एवढ्याने मर्यादा गाठता आली नाही तर ८५० ते ११०० अंशांच्या पट्ट्यात युरिया किंवा अमोनिया फवारतात. जास्त फवारला तर उरलेला अमोनिया प्रीहीटरमध्ये चिकट क्षार करून बसतो.

मर्यादा संचाच्या वयावर आहे. २००४ ते २०१६ मधल्या संचांना घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत ती ३०० होती, ऑक्टोबर २०२० मध्ये शिथिल केली. १ जानेवारी २०१७ नंतरच्या संचांना १०० आहे, आणि ती नुसत्या ज्वलनाने गाठणे शक्य नाही. आकडा तुलनेसाठी नेहमी ६ टक्के ऑक्सिजनवर आणावा लागतो. मोजले २६० पीपीएम, ऑक्सिजन ७.५: २६० गुणिले २.०५ (पीपीएमचे मिलिग्रॅम करणारा गुणक) म्हणजे ५३३, त्याला १५ ने गुणून १३.५ ने भागा, ५९२ येते. म्हणजे चिमणीत हवा मिसळून आकडा पातळ करण्याचा फायदा नाही.

१३. धुळीची मर्यादा ५० मिलिग्रॅम. ईएसपी (विजेच्या भाराने राख पकडणारी यंत्रणा) असूनही का ओलांडली जाते?

ईएसपीच्या तोंडाशी घनमीटरमागे ५५-६० ग्रॅम राख येते. तिची ५० मिलिग्रॅम करायची म्हणजे हजारातले ९९९ कण धरायचे. आपल्या कोळशात गंधक कमी, म्हणून राखेचा विद्युतरोध जास्त. १५० अंशांच्या आसपास तो शिखरावर असतो, त्यामुळे वायू १३० च्या खाली आणला तर पकड सुधारते. जादा हवा आणि प्रीहीटरची गळती इथेही नडते: वायू वाढला की वेग वाढतो आणि राख थांबत नाही. हॉपर वेळेवर रिकामे न झाल्याने फील्ड (ईएसपीचा एक विद्युत कप्पा) शॉर्ट होणे हे सर्वांत नेहमीचे कारण, आणि सर्वांत टाळता येण्याजोगे. अमोनियाचा डोस हा तात्पुरता टेकू.

१४. ज्वलन चांगले केले की गंधकाचे प्रदूषणही घटते का?

नाही. कोळशात जेवढे गंधक तेवढेच चिमणीत, थोडेसे राखेत राहते तेवढे वगळून. ०.४ टक्के गंधकाच्या कोळशातून घनमीटरमागे १४०० मिलिग्रॅमच्या आसपास सल्फर डायऑक्साइड येतो. कोळसा वाचवला तर टनांत घट होते, मिलिग्रॅममध्ये होत नाही. तो धुवायला एफजीडी (वायूतले गंधक काढणारी यंत्रणा) लागते: किलोभर वायूला सुमारे १.६ किलो शुद्ध चुनखडी, बदल्यात २.७ किलो जिप्सम. प्रकल्पांचे ए, बी, सी असे वर्ग २०२१ पासूनच आहेत. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने त्यातल्या सी वर्गाला चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट दिली. तुमच्याजवळचा संच कोणत्या वर्गात आहे ते बघूनच बोला.

१५. आमच्याकडे पऱ्हाट्या आणि केळीची खोडे ढिगाने पडतात. बॉयलरमध्ये जाळता येतील का?

पऱ्हाट्या येतील, केळी नाही. केळीच्या ताज्या खोडात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी. वाळवले तरी पोटॅशियम आणि क्लोरीन भरपूर. पोटॅशियममुळे राख लवकर वितळून ट्यूबांवर बसते, क्लोरीन सुपरहीटर खातो. रावेर-यावलच्या खोडांचे खत किंवा धागा करा.

पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे पेलेट (दाबून केलेल्या कांड्या) चालतात. भरिताची वांगी भाजणाऱ्याला त्यांची आच सांगायला नको. केंद्राच्या धोरणानुसार २०२४-२५ पासून ५ टक्के पेलेट मिसळणे अपेक्षित आहे. या एका संचाला ते रोज ४०० टन होतात, म्हणून खरी अडचण गोळा करण्याची आहे. पऱ्हाट्या शेतातून लवकर निघाल्या तर गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो. मिलमध्ये मात्र जपा. पेलेट लवकर पेट घेतात, म्हणून त्या मिलच्या तोंडाचे तापमान उतरवा, पेलेट बंकरमध्ये साठवून ठेवू नका, छपराखाली ठेवा. चाळणी-चाचणी बिघडलेली दिसेल, कारण तंतू ७५ मायक्रॉनमधून जात नाहीत. त्याने घाबरू नका. वायुरूप होणारा भाग जास्त असल्याने जाड तंतूही जळतो.

१६. दुपारी सौर वीज आली की लोड ५५ टक्क्यांवर आणतात. तेव्हा ऑक्सिजन ६ दिसतो, दोष कोणाचा?

कोणाचाच नाही. सुरक्षिततेसाठी हवा एका किमान प्रमाणाखाली नेता येत नाही, म्हणून कमी लोडवर ऑक्सिजन चढतोच. प्रश्न ४ चा आकडा इथे लावू नका, प्रत्येक लोडचा वेगळा शोधा. सहा मिल अर्ध्या भरून चालवण्यापेक्षा लगतच्या तीन-चार नीट भरून चालवा. ज्वाळा एकमेकींना धरून राहते आणि तेल लागत नाही. चिमणीकडचे तापमान उतरते तेव्हा प्रीहीटरच्या थंड टोकाला आम्ल साचते. स्टीम कॉइल हीटर (प्रीहीटरआधी हवा वाफेने तापवणारा) त्यासाठीच असतो, तो बंद ठेवून वाफ वाचवू नका. तेल लावावेच लागले तर ईएसपीची पहिली फील्ड चढवण्याआधी ज्वाळा स्वच्छ झाल्याची खात्री करा. प्लेटवर तेल बसले की ते धुण्यावाचून निघत नाही.

१७. एमआयडीसीत आमचा तासाला तीन टन वाफेचा, हाताने कोळसा घालायचा बॉयलर आहे. यातले काय लागू पडते?

दळणाचे काहीच नाही, हवेचे सगळे. जाळीवर जळणाऱ्या कोळशाला हवा जास्तच लागते, म्हणून ऑक्सिजन ७-८ असला तर ठीक, १२ असेल तर दार उघडे राहते आहे. एकदम दहा फावडी घालून अर्धा तास विसरण्यापेक्षा दर काही मिनिटांनी दोन-तीन घाला, थर सारखा पसरवा. काळा धूर तिथेच अर्धा होतो. चिमणीत एक थर्मामीटर बसवा. ट्यूबा साफ केल्या त्या दिवसाचे तापमान लिहून ठेवा, आणि ते २० अंशांनी वर गेले की पुन्हा ब्रश मारा.